पहिला नंबर कुणाचा

सबनीस मॅडमची गाडी राणीसावरगावात शिरली तेव्हा स्वागताला रस्त्यावर एक शेळी होती. बाकी कुणी नाही. दुकानांना कुलपं, घरांना कड्या, चहाच्या टपरीवर पातेली पालथी. मॅडमनी काच खाली केली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "पल्लवी, इथे काही झालंय का?"

"काही नाही मॅडम. आज येळवस आहे. सगळं गाव शेतात गेलंय," पल्लवी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की जणू हे गाव तिनेच रिकामं करून घेतलं होतं.

एका अर्थाने तसंच होतं. मी पुढच्या सीटवर हातात वेळापत्रक धरून बसलो होतो.

मी या कंपनीचा ऑपरेशन्स हेड. पदाच्या नावावर जाऊ नका. मी एसटीच्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो. म्हणजे स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कधी सुटणार ते ठरवणारा आणि माइकवर पुकारणारा माणूस. रिटायर झाल्यावर मी घरातल्या चहाचं वेळापत्रक लावायला गेलो. तेव्हा बायकोने तिच्या मैत्रिणीच्या मुलीला फोन केला, "काकांना काहीतरी काम दे, नाहीतर मी माहेरी जाते." ती मैत्रिणीची मुलगी म्हणजे पल्लवी. पुण्यात इंजिनियर झालेली, पुण्यातली नोकरी सोडून गंगाखेडला परत आलेली आणि मळणी मशीन फोनवर बुक करायचं अ‍ॅप काढून बसलेली. कंपनीचं नाव इंग्रजी आहे, ते शिवारात कुणी घेत नाही. शिवारात तिला 'पल्लवीची मशीन' म्हणतात.

धंदा सोपा. तूर कापून ढीग लागले की शेतकऱ्याला मळणी मशीन लागते. ज्याचं शेत मोठं त्याच्याकडे मशीन आधी जाते, लहान शेतकरी वाट पाहत बसतो. आमच्या अ‍ॅपवर त्याने फोनवरून नंबर लावायचा, मशीन दारात. माझं काम मशीनचा मार्ग ठरवायचं. एसटीत आम्ही एक शब्द वापरायचो, डेड किलोमीटर. गाडी पळते, डिझेल जळतं, पण आत प्रवासी नाही, ते अंतर. आमची मशीन सकाळी एका टोकाच्या गावात, दुपारी दुसऱ्या टोकाच्या. मळणी थोडी, प्रवास फार. सगळे डेड किलोमीटर. म्हणून आम्हाला हवं होतं क्लस्टर, म्हणजे बांधाला बांध लागून असलेली शेतं एका दमात बुक व्हायला हवी होती.

ती होत नव्हती. आणि कारण असं होतं की ते पुण्यातल्या कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये मांडता येणार नाही. राणीसावरगावच्या ओढ्याकाठच्या शिवारात सगळ्यांनी अ‍ॅप घेतलं होतं. सगळ्यांना मशीन हवी होती. पण पहिला नंबर कुणालाच नको होता.

त्याला आमचे ऑपरेटर गफूरभाई यांच्याकडे उत्तर होतं. "काका, पैल्या शेतात शिव्या, दुसऱ्या शेतात चाय. आपला धंदाच तसा हाय." म्हणजे काय, तर नव्या शिवारात गेल्यावर मशीनची चाळण तिथल्या दाण्याच्या मापाने बसवावी लागते. ती बसेपर्यंत पहिल्याच्या तुरीचे दाणे फुटतात, तुरीची डाळ होते. शिवाय मशीनमध्ये आधीचं सोयाबीन अडकलेलं असतं, तेही त्याच्याच पोत्यात पडतं. त्याचं होईपर्यंत मशीन सुतासारखी चालायला लागते आणि दुसऱ्याला सोन्यासारखा दाणा मिळतो. त्यामुळे ज्याला फोन करावा तो म्हणायचा, "आधी शेजाऱ्याचं होऊ द्या की. मग आमचं हायच." शेजाऱ्याला फोन केला की तोही तेच म्हणायचा. पल्लवीने पहिल्या नंबराला सूट दिली. तेव्हा लोकांना वाटलं, सूट देतायत म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे.

आणि सबनीस मॅडम? त्या गुंतवणूकदार. स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्यांतही एक 'लीड' असतो, म्हणजे जो पहिला हो म्हणतो. तो आला की बाकीचे मागोमाग येतात. मॅडमनी फोनवर सांगून टाकलं होतं, "आम्ही लीड करत नाही. कुणीतरी आधी येऊ द्या." तरी एकदा येऊन बघते म्हणाल्या होत्या. क्लस्टर दिसलं तर विचार करू, नाहीतर नाही.

पल्लवीकडे आणखी एक नकार ऐकायला जागा नव्हती. तिला पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि हो की नाही ते मॅडम येणार त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मॅडम नाही म्हणाल्या तर कंपनी बंद, मशीन विकायची, पल्लवी पुण्याला. ती हे हसत हसत सांगायची, पण सांगून झालं की नखं कुरतडायची.

मॅडमनी तारीख दिली ती नेमकी वेळ अमावस्येची, म्हणजे येळवशीची. मी म्हणालो, "पोरी, तारीख बदलून घे. त्या दिवशी काम काय होणार?"

"काका, बदलायची कशाला? वर्षातून हा एकच दिवस असा आहे की शिवारातला झाडून सगळा माणूस आपापल्या बांधावर असतो. रिकामा असतो, खुशीत असतो. आपण सकाळी जायचं, सगळ्यांना भेटायचं, दुपारपर्यंत क्लस्टर तयार."

"आणि जेवणाचं काय?"

"दोन घास खाऊ की."

ज्यांना आमच्याकडची येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, तिच्यात पूजा मांडतात, आणि ज्या आरोळीचा अर्थ कुणालाच नीट सांगता येत नाही ती देत पिकाभोवती आंबील शिंपडत फिरतात. मग जेवण. ओल्या दाण्यांची आणि बेसनाची भज्जी, म्हणजे तळलेली भजी नव्हे, शिजवलेली भाजी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि मडक्यातलं ताकाचं गार आंबील. त्या दिवशी बांधावरून जाणारा माणूस न जेवता जाऊ द्यायचा नसतो. दोन घास हा प्रकार त्या दिवशी अस्तित्वात नाही. राणीसावरगावात जन्मलेल्या मुलीला हे माहीत होतं. तरी ती दोन घास म्हणाली. स्टार्टअपवाल्यांच्या या अशा आशावादाचं मला अजून नवल वाटतं.

मी वेळापत्रक केलं होतं. प्रत्येक शेतावर थांबा, थांब्याची वेळ, पुढच्या शेताकडे प्रस्थान. सुंदर वेळापत्रक होतं ते.

गाडी रस्त्याला लावून आम्ही ओढ्याकडे उतरलो. मॅडम पांढऱ्या बुटांत, मागे पल्लवी, मग मी, शेवटी गफूरभाई. ज्वारी डोक्याइतकी उभी. आम्ही पहिल्या बांधावर पाय ठेवला आणि दोन्हीकडून हाका आल्या.

"आधी आमच्याकडं!"

"हिकडं या हो, हिकडं! ताटं वाढलीत!"

डावीकडून विठ्ठलराव धावत आले आणि त्यांनी माझा दंड धरला. उजवीकडून सरूबाई आल्या. भारदस्त बाई, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी सरळ मॅडमचं मनगट धरलं. पलीकडच्या बांधांवरूनही माणसं यायला लागली. पाहुणी पुण्याची, पहिला घास कुणाच्या कोपीत, यावर अशी झोंबाझोंबी सुरू झाली की आम्ही चौघं चार दिशांना ताणले गेलो. गफूरभाईंचा तर एक बूट निघाला.

"मी दुपारपर्यंत काही खात नाही," मॅडम ओरडून सांगत होत्या. "माझं फास्टिंग असतं."

"कोन्या देवाचं?" सरूबाईंनी विचारलं.

तिथेच मॅडम हरल्या.

आणि तेवढ्यात पल्लवी बांधावर चढली. केस विस्कटलेले, ओढणी ज्वारीत अडकलेली. दोन्ही हात वर करून ओरडली, "थांबा! ऐका! जिथं मॅडम आधी जेवतील, तिथं मशीन आधी लागंल. बोला, कुणाकडं जेवायचं?"

विठ्ठलरावांनी माझा दंड हळूच सोडला आणि वर शर्टाची बाही नीट करून दिली.

"तसं म्हणलं तर आमची भज्जी आनखी शिजायलीय," ते म्हणाले.

बाकीच्यांच्याही कोपीत अचानक काही ना काही कच्चं निघालं. पल्लवीचा चेहरा पडला. तिने एका वाक्यात जेवण आणि मशीन दोन्ही घालवलं, असं मला वाटलं आणि मला तिची फार दया आली.

पण सरूबाईंनी मॅडमचं मनगट सोडलं नव्हतं.

"कामून सोडू?" त्या म्हणाल्या. "बाई माझ्या बांधावर आली, मी हात धरला. आता मशीन येऊ दे न्हाई तर बुलडोझर येऊ दे. पैला घास माझ्या कोपीतला."

त्यांचे मालक ग्यानबा मागे उभे होते. हळूच म्हणाले, "अगं, पर तुरीची डाळ झाली तर?"

"झाली तर वरण करू!"

असा हशा झाला की ज्वारीतले पक्षी उडाले. ग्यानबाही हसले. पल्लवी बांधावरून उतरली ती थेट सरूबाईंच्या गळ्यात पडली. मी नंतर तिला विचारलं, हे तू आधी ठरवून आली होतीस का? ती म्हणाली, "नाही काका. मला भूक लागली होती."

आम्ही कोपीत बसलो. भज्जी वाढली गेली, वर तेलाची धार. मॅडमनी पहिला घास नाइलाजाने घेतला. दुसरा नाइलाजाने नाही. सरूबाई वाढता वाढता विचारत होत्या, तुमी काम काय करता, आमच्या पोरीला पैसं देनार का. मॅडमनी प्रामाणिकपणे समजावून सांगितलं, की आम्ही पहिले जात नाही, दुसरं कुणी आधी गेलं की मग आम्ही.

सरूबाईंचा डाव हवेतच थांबला. "म्हंजी तुमालाबी दुसराच नंबर पायजे!"

मॅडम हसल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या. मी ताटात बघत उंडा मोडत राहिलो.

इकडे गफूरभाईंनी भज्जीचं दुसरं वाढप संपवलं, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "भाबी, आता माझी बात ऐका. माझ्या भावाची तूर हाय. पैला पोता तिचा घालतो, चाळण बसवतो, मग तुमच्या ढिगाला हात लावतो."

पल्लवी त्यांच्याकडे बघतच राहिली. "गफूरभाई, हे तुम्हाला आधी का नाही सुचलं? सगळं वर्ष गेलं!"

"आधी कुनी भज्जी वाढली न्हवती," गफूरभाई म्हणाले.

पहिला नंबर लागला, आणि तो लागल्याबरोबर शिवारात नवी बोंब उठली. कारण आता दुसरा नंबर मोकळा होता. "दुसरा माझा!" विठ्ठलराव कोपीच्या दारातून ओरडले. "दुसरा आमचा!" मागून पाच-सहा आवाज. ज्यांची भज्जी मघाशी कच्ची होती ती एका क्षणात शिजली.

इथे मात्र माझी नोकरी माझ्या कामी आली. मी उठलो, तोंडाभोवती हात धरले आणि स्टँडवर पुकारायचो तसा पुकारलो, "लक्ष द्या! सरूबाईंच्या शेतावरून सुटणारी मळणी मशीन विठ्ठलरावांच्या शेतमार्गे ओढ्याकडे जाईल! बांधाला बांध लागून नंबर! मधला थांबा चुकवता येणार नाही!"

लोकांना ते फार आवडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर मी लोकांना गाड्या पुकारल्या, कुणी टाळी वाजवली नव्हती. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

"मंजूर," विठ्ठलराव म्हणाले. "पर नियम समद्यांला सारखा. सरूबाईकडं जेवला तसं आमच्याकडं जेवायचं. जेवल्याबिगर नंबर लागनार न्हाई."

झालं. माझं वेळापत्रक मी घडी करून उंड्याच्या टोपलीखाली सारलं. पुढचा सगळा दिवस आम्ही क्लस्टर खात होतो. एक शेत म्हणजे एक ताट, एक ताट म्हणजे एक बुकिंग. विठ्ठलरावांकडे तिळाच्या पोळ्या. त्यांच्या पलीकडे खीर, वर तुपाचा गोळा. त्यापुढे परत भज्जी, आणि प्रत्येक घरची बाई विचारणार, "त्यांच्यापेक्षा आमची चांगली हाय का न्हाई?" मी हो म्हणालो. सगळीकडे हो म्हणालो. ऑपरेशन्स हेडला दुसरं उत्तर परवडत नाही. पल्लवी एका हाताने जेवत होती, दुसऱ्या हाताने अ‍ॅपवर नंबर टाकत होती, आणि तिच्या फोनच्या नकाशावर ओढ्याकाठी हिरव्या ठिपक्यांची रांग लागत चालली होती. मला ती रांग बघून हसू आवरेना. एकही डेड किलोमीटर नाही! पोट फुटायला आलेलं आणि हसू आवरत नाही, अशी अवस्था.

मधल्या एका शेतावर तिला पुण्याच्या कंपनीचा फोन आला. तिच्या तोंडात अख्खा उंडा. तिने डोळे मोठे केले, माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. सरूबाई आता आमच्याबरोबरच फिरत होत्या, त्यांनी फोन घेतला.

"पोरगी जेवायलीय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "सांजच्याला करा." आणि बंद करून परत दिला.

पल्लवी उंडा गिळून हसायला लागली, इतकी की तिला उचकी लागली. मग ती म्हणाली, "काका, संध्याकाळी काय सांगू?" तेव्हा मात्र ती हसत नव्हती.

शेवटचं शेत बालाजीचं. ओढ्याच्या वळणावर, गाडीवाटेला लागून. तिथून मशीन सरळ रस्त्यावर निघणार होती. ते सुटलं असतं तर मशीन सगळी वाट रिकामी मागे आणावी लागली असती. पण माझ्यात आता पाण्याचा घोट घ्यायला जागा नव्हती. गफूरभाई, ज्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती, ते विठ्ठलरावांच्या बाभळीखाली आडवे झाले होते आणि हाका मारून उठत नव्हते. पल्लवी उचक्या देत होती. मॅडमना पोरींनी झोक्यावर बसवलं होतं. पांढरे बूट हवेत, पदर हवेत, डोळे मिटलेले.

"मला कुणी ताट दाखवू नका," त्या झोक्यावरून म्हणाल्या.

बालाजी खाली बघत उभा होता. लग्न त्याच वर्षी झालेलं. "राहू द्या," तो म्हणाला. "हिनं पैल्यांदाच सगळं एकटीनं केलंय. कुनी आलंच न्हाई हिकडं. समदे त्या कडंलाच जेवले."

कोपीच्या दारात त्याची बायको उभी होती. डोक्यावरचा पदर धरून. मागे ताटं मांडून ठेवलेली, एकही उष्टं नाही.

पल्लवी हळूच म्हणाली, "काका, नको त्यांना आग्रह. ठीक आहे. एवढं झालं ते खूप झालं." आणि तिने फोन खिशात घातला. मला कळलं, ती संध्याकाळचं उत्तर मनात जुळवायला लागली होती.

झोका थांबला. मॅडम उतरल्या, बूट काढले, कोपीत जाऊन मांडी घालून बसल्या. बालाजीच्या बायकोला म्हणाल्या, "इथे पहिलं कोण जेवलंय?"

"कुनीच न्हाई."

"मग मला वाढ."

त्यांनी भज्जी खाल्ली, उंडा खाल्ला, आणि शेवटी आंबिलाचा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलून एका दमात रिकामा केला. बाहेर शिवार जमलं होतं, कुस्ती बघावी तसं. तांब्या खाली ठेवल्यावर जो आरडाओरडा झाला तो वरच्या रस्त्यावर ड्रायव्हरला ऐकू गेला. बालाजीची बायको हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. पल्लवीच्या नकाशावर शेवटचा ठिपका लागला.

ऊन उतरलं तशी माणसं भांडी आवरायला लागली. सरूबाई टोपली डोक्यावर घेऊन मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"समद्यांचे नंबर लागले," त्या म्हणाल्या. "तुमचा कितवा?"

मॅडमनी एकदा पल्लवीकडे पाहिलं. बूट हातातच होते.

"पहिला," त्या म्हणाल्या.

पल्लवी बांधावरच खाली बसली. मग फोन काढून तिने पुण्याला लावला, आभार मानले, येणार नाही म्हणून सांगितलं, आणि मधेच एक उचकी दिली. मी ज्वारीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत कुसळ गेलं होतं, असं मी त्यांना सांगितलं.

मशीन ठरल्या दिवशी सरूबाईंकडे लागली. गफूरभाईंनी भावाच्या तुरीवर चाळण बसवली, तरी थोडे दाणे फुटलेच. सरूबाईंनी ते वेचले आणि ऑफिसात वरणाचा डबा पाठवला. मॅडमचा माणूस कागदपत्रं घेऊन आला होता, तोही आमच्याबरोबर बसून जेवला.

आता इकडची पोरं स्टार्टअप काढतात आणि माझ्याकडे स्ट्रॅटेजी विचारायला येतात. लीडरशिपवर बोला म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगतो, दुसरा नंबर घ्यायला सगळं जग तयार असतं. पहिला घेणारा माणूस सूट देऊन मिळत नाही, त्याला मान द्यावा लागतो, आणि तो द्यायला त्याच्या बांधावर स्वतः जावं लागतं. जाताना घरून खाऊन जाऊ नका.